प्रार्थनेच्या वहीतला 'अशक्तपणा'

कुष्ठरोग्याच्या चपलेला खिळा चालत नाही. माझे बाबा मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात चपला बनवायचे, आणि वर्कशॉपमध्ये नवीन पोरगा शिकायला आला की त्याला सगळ्यात आधी हे सांगायचे. पाय बधिर असतो. खिळ्याचं टोक वर आलं तरी माणसाला पत्ता लागत नाही. दिवसभर वावरात राबतो आणि रात्री चप्पल काढतो तेव्हा तळव्याला भोक पडलेलं असतं. म्हणून शिवायचं, नाहीतर चिकटवायचं. खाली टायरचा कडक तळ, त्यावर एमसीआर रबराचा मऊ काळा थर, पट्टे रुंद, आणि टाचेमागे एक बंद, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. बाबा रुग्णाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं त्याची रेघ काढायचे. बोटं झडलेल्या पायाची रेघ वाटेल तशी जायची. ती ते कधी सरळ करायचे नाहीत. रविवारी उपासनेला शेजारी बसले की त्यांच्या धुतलेल्या शर्टालाही सोल्युशनचा वास यायचा.

आमच्या कंपाउंडमध्ये कुष्ठरोगाची भीती कुणालाच नव्हती. रुग्णांच्या पोरांसोबत आम्ही विटीदांडू खेळलो, त्यांच्या लग्नांत जेवलो. विदर्भाला तशीही या आजाराची ओळख जुनी. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम काढलं, सेवाग्रामात परचुरेशास्त्रींची शुश्रूषा खुद्द गांधीजींनी केली, वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं, आणि परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचं काम चाललं. १९८०च्या दशकात तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि आजार खऱ्या अर्थानं हटू लागला. त्यातल्या क्लोफॅझिमिननं कातडी काळवंडायची, तेव्हा काही जण गोळ्या नाल्यात फेकून द्यायचे. बाबा आणि इतर कर्मचारी घरोघर जाऊन पाकिटातल्या गोळ्या मोजायचे. प्रार्थना होतीच, पण पाकीट रिकामं दिसल्याशिवाय बाबा कुणाच्या दारातून हलत नसत.

आणि याच घरात, मागच्या खोलीत, माझी आत्या होती.

आत्याला आवाज ऐकू यायचे. ती कानांत कापसाचे बोळे घालून बसायची. सरकीसकटचा कापूस, कोठीतल्या गाठोड्यातून ओढून काढलेला. कधी नळाच्या तोंडाला फडकं बांधायची, कारण बोलणारा तिथून बोलतो असं तिला वाटायचं. पाहुणे आले की खोलीला बाहेरून कडी लागे. चर्चचे पाळकसाहेब म्हाताऱ्या माणसांना प्रभुभोजन द्यायला घरी यायचे, आमच्या आजीला द्यायचे, आणि मागच्या दाराकडे कुणी पाहायचं नाही. कुणी विचारलंच, "बहीण कशी आहे?" तर ठरलेलं उत्तर होतं: "बरी आहे. जरा अशक्तपणा आहे."

बाबा वाईट नव्हते. परक्या माणसाची जखम मांडीवर घेऊन धुणारा माणूस सख्ख्या बहिणीच्या खोलीला कडी का लावतो, हे कोडं घेऊनच मी मोठी झाले. मानसोपचार हा विषय मी का निवडला असं मुलाखतींत विचारायचे, तेव्हा मी काहीतरी शहाण्यासारखं सांगायचे. खरं कारण ती कडी.

आज मी याच पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मानसोपचाराचा दवाखाना चालवते. पुढे जी माणसं येतात त्यांचे तपशील मी ओळख लागणार नाही इतके फिरवले आहेत. शेवटी ज्या काकांचा उल्लेख आहे त्यांना वाचून दाखवून परवानगी घेतली आहे.

कडीच्या कोड्याला माझं उत्तर असं. हातापायाचा आजार आम्हा ख्रिस्ती लोकांना परका वाटत नाही. येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला, मग आपणही लावायचा, इतकं ते सोपं. मनाची गोष्ट वेगळी. विश्वास मनातच असतो असं आपण धरून चालतो. त्यामुळे मन आजारी पडलं की घरच्यांना वाटतं, विश्वासच कमी पडला. डिप्रेशन आलेल्या बाईला मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाया सांगतात, "आनंदी राहा, प्रभू आहे ना." तिला वाटतं, आपल्याला आनंद होत नाही म्हणजे आपल्यापाशी प्रभू नाही. आजाराचं दुःख असतंच, त्यावर हे दुसरं ओझं. हिंदू घरात हेच ओझं वेगळ्या नावानं येतं: कुलदैवताचं काही राहिलं, कुणी करणी केली, बाहेरचं लागलं. नाव बदलतं, कडी तीच.

माझं शिक्षण वेलूरला, मिशनच्या मेडिकल कॉलेजात झालं. तिथल्या मानसोपचार विभागात रुग्णासोबत घरचं माणूस राहतं. एकट्या रुग्णाला सोडून जायची पद्धत नाही. माझ्या शिक्षणाच्या कितीतरी आधी, १९५०च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना राहायला लावलं होतं. लखनौला स्टॅन्ली जोन्स यांनी १९५० साली नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र काढलं, तेही मिशनच्या माणसानं. म्हणजे ख्रिस्ती लोकांना हा विषय नवा नाही. गावातल्या मंडळीपर्यंत तो पोचला नाही, एवढंच.

वेलूरहून सुट्टीवर आले तेव्हा आत्याला औषध सुरू झालं. गोळ्या ती जिभेखाली दाबून ठेवायची, म्हणून पुढे महिन्याचं इंजेक्शन. तिचे आवाज पूर्ण कधीच गेले नाहीत. "आहेत, पण आता लांबून येतात," असं म्हणाली होती. ओसरीवर बसून तूर निवडायची, भजनाच्या वेळी मागच्या रांगेत यायची. बाबांनी तिच्यासाठी एक चप्पल शिवली, टाचेमागे बंद असलेली. तिचे पाय काही बधिर नव्हते. बाबांना दुसरी येत नव्हती.

दवाखान्यात बाजाराच्या दिवशी गर्दी असते. माणसं एका खेपेत तीन कामं करतात: बियाणं, बँक आणि डोक्याचा डॉक्टर. मेळघाटातले कोरकू लोक मिळेल त्या काळी-पिवळीनं उतरतात; इकडचे एसटीनं. कुणी आजाराचं नाव घेऊन येत नाही. "मॅडम, झोप येऊन नाही राहिली." "जीव घाबरते." "डोक्यात इचार फिरत राहतेत." "पोट्टा कोणाशी बोलतच नाही, वावरात जाऊन नुसता बसून राहते." बहुतेकांच्या मनगटात दोरा, गळ्यात ताईत. कुणी पडियाराकडून, म्हणजे कोरकूंच्या भगताकडून, आलेला असतो, कुणी बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर महिनाभर राहून. तिथं होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते आणि मनाच्या आजाराची माणसं दूरदुरून आणतात. मी ताईत काढायला सांगत नाही. "हे राहू द्या, आणि हीबी घ्या," म्हणते. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकाच आवारात ठेवण्याचा प्रयोग झाला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्याच्या दारात माणूस आधी जातो, त्याला शत्रू करून घेणं डॉक्टरला परवडत नाही.

एका आजीनं एकदा माझ्या टेबलाखाली चिमूटभर अंगारा टाकला आणि मग अवघडून विचारलं, "बाई, तुम्ही किरिस्ताव, चालते का तुमाले?" मी म्हटलं, "आजी, टेबलाला चालते. नातवाची गोळी विसरू नका म्हणजे झालं."

उलटा प्रश्नही येतो: मी रुग्णांसोबत प्रार्थना करते का? माझ्या कागदावर वचन छापलेलं नाही, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर आहे. जो माणूस स्वतःच्या मनावरचा ताबा सुटला म्हणून माझ्याकडे आला आहे, त्याच्यापुढे माझा देव ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. तो नाही म्हणायच्या स्थितीत नसतो. स्वतःहून म्हणाला तर हात धरून दोन ओळी करते, तेही तपासणी संपल्यावर, चिठ्ठी लिहून झाल्यावर. काही ख्रिस्ती स्नेही याला भित्रेपणा म्हणतात. म्हणोत.

घरी मात्र रात्री प्रार्थना होते. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, मंडळीत पेटी वाजवतो. लेक आठवीत. तिला शाळेत "पागलांच्या डॉक्टरची पोरगी" म्हणतात, ती म्हणते, "हो, तुझा नंबर लावू का?" हे उत्तर मी शिकवलेलं नाही, पण मला आवडलं. घरच्या प्रार्थनेत आमचा एक नियम आहे: रुग्णाचं नाव घ्यायचं नाही. गाव लहान. नुसतं "पोळ्याच्या आदल्या दिवशी आलेली ती बाई" म्हटलं तरी नवऱ्याला तिची शाळा, पोरं, सासर सगळं कळतं. म्हणून "आज आलेले सगळे" एवढंच. लेक लहान असताना विचारायची, "मग देवाला कसं कळेल कोण ते?" नवरा म्हणायचा, "त्याच्यापाशी रजिस्टर आहे."

आता लिथियमबद्दल, कारण श्रद्धा आणि औषध यांची गाठ मला सगळ्यात जास्त तिथंच पडते. मूड अतिचढणं-अतिउतरणं या आजारावर, म्हणजे बायपोलरवर, लिथियम हे जुनं आणि अजूनही उत्तम औषध. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९४९ साली त्याचा उपयोग दाखवला. पण ते एक क्षार आहे, आणि मूत्रपिंड त्याला मिठासारखंच वागवतं. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, सोबत लिथियमही धरतं, आणि रक्तातली पातळी वर जाते. ती साधारण ०.६ ते १.२च्या आत ठेवायची असते. थोडी वर गेली की हातांची थरथर वाढते, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, जीभ जड होते. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. त्या उन्हात पऱ्हाटी उपटणाऱ्या, नाहीतर तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसाच्या अंगातून किती मीठ जात असेल?

आणि नेमके याच सुमारास आमचे उपवासाचे चाळीस दिवस. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा काळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो. मंडळीतल्या बाया शुक्रवारी कडक उपास करतात, काही जणी पाण्याचा थेंब घेत नाहीत. श्रावणात, नवरात्रात हिंदू बाया अळणी खातात. रमजान उन्हाळ्यात आला तर दिवसभर पाणी नाही. शिवाय गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, तीही लिथियमची पातळी वाढवते. म्हणून होळी आली की मी लिथियमवरच्या प्रत्येकाच्या घरचं एक माणूस बोलावून घेते आणि तेच ते पुन्हा सांगते: ताक प्या, त्यात मीठ घाला, दुखण्याची गोळी मला विचारल्याशिवाय नको, उलट्या लागल्या तर लिथियम थांबवा आणि फोन करा, रक्ताची तपासणी चुकवू नका. उपास करायचा असेल तर गोड सोडा, मोबाइल सोडा, पण मीठ आणि पाणी सोडू नका.

पाळकसाहेबांना मी हे समजावून सांगायला गेले तेव्हा ते आधी थोडे बुचकळ्यात पडले. उपवासाबद्दल डॉक्टर बोलते म्हणजे विश्वासावर घाव, असं त्यांना क्षणभर वाटलं असावं. मग त्यांनी स्वतःच वेदीवरून सांगितलं, "ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे त्यांनी पाणी पिऊन उपास करावा, प्रभूला चालतो." कोणाला मनाई आहे आणि का, हे विचारलं नाही. ते मला त्या वाक्याइतकंच आवडलं. गावातल्या मौलानांनीही पुढे हेच केलं.

सगळे असे नसतात. बाहेरून आलेल्या एका प्रचारकानं एका शिबिरात सांगितलं, गोळ्या सोडणं हीच विश्वासाची साक्ष. एका तरुणानं व्यासपीठावर जाऊन स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांची पिशवी ठेवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्यानं स्तुतिगीत झालं. काही आठवड्यांनी त्याला हातपाय दोरीनं बांधून काळी-पिवळीतून माझ्याकडे आणलं. आईच्या साडीचा पदर पूर्ण फाटलेला. प्रचारक तोवर दुसऱ्या जिल्ह्यात पोचले होते. त्यांचा चष्मा मात्र जाड भिंगांचा होता, तो त्यांनी व्यासपीठावर ठेवला नव्हता. मंडळीतल्या निम्म्या लोकांना शुगर आहे. इन्सुलिन सोडा असं कुणी सांगितलं असतं तर त्याला बसस्टँडपर्यंत पिटाळलं असतं.

दोरी, साखळी हा प्रकार अजून संपलेला नाही. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीच्या एका मनोरुग्णाश्रमाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जागची हलू शकली नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला, पुढच्या वर्षी मे महिन्यात लागू झाला, आणि त्याच्या ९५व्या कलमानं मनोरुग्णाला कसल्याही प्रकारे साखळीत ठेवायला मनाई केली. घरचे लोक क्रूर असतात म्हणून बांधत नाहीत. सोयाबीनची सोंगणी आलेली असते, घरात एकच माणूस कमावतं असतं, आणि आजारी पोरगा विहिरीकडे पळतो. त्यांच्यापुढे कायदा वाचून काय उपयोग? इंजेक्शन देते, झोप लागेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसते, मग दोरी सोडायला सांगते.

आत्महत्या करून जाणारे जातातही. बोंडअळी, पाऊस, कर्ज हे सगळं असतंच, पण त्याखाली पुष्कळदा उपचार न झालेलं डिप्रेशन किंवा दारू असते, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. मी शेतकऱ्याच्या बायकोला सांगते, फवारणीचं औषध घरात नको. कोठ्यात कुलूप लावून ठेवा, किल्ली तुमच्यापाशी, नाहीतर दिराच्या घरी. हे किरकोळ वाटतं, पण श्रीलंकेनं सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या फार मोठ्या प्रमाणात घटल्या. तेवढी घटका टळली तर पुष्कळ माणसं पुन्हा तिकडे वळत नाहीत. आणि रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मंडळीतल्या एका तरुण शेतकऱ्याच्या दफनाच्या वेळी म्हाताऱ्यांची कुजबुज सुरू झाली: असा गेलेला माणूस ख्रिस्ती कबरस्तानात पुरायचा का? मानसिक आरोग्यसेवा कायद्याचंच ११५वं कलम सांगतं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरा. कायदा एवढं समजू शकतो आणि आपण नाही? मी ते तिथं बोलले नाही. पाळकसाहेबांनीच विषय संपवला आणि त्याला त्याच्या आईच्या कबरीशेजारी जागा दिली. त्या रात्री मी ८८वं स्तोत्र वाचलं. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारावरच संपतं. असं स्तोत्र कुणीतरी पवित्र शास्त्रात राहू दिलं, याचा मला त्या रात्री मोठा आधार वाटला. मला सांत्वन नको होतं.

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्याच्या जवळच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला वेदीवरून बोलायला सांगितलं. मी मार्ककृत शुभवर्तमानातला पाचवा अध्याय घेतला, गरसेकरांच्या मुलखातला तो माणूस: थडग्यांत राहणारा, साखळ्या तोडणारा, दगडांनी स्वतःला ठेचून घेणारा. त्याला भूत होतं की आजार, हा वाद मी घातला नाही. बरा झाल्यानंतरचं वाचा, म्हटलं. तो कपडे घालून शुद्धीवर बसलेला दिसतो आणि गावकरी घाबरतात. साखळीत असताना नव्हते घाबरले तितके आता घाबरतात. तो येशूला म्हणतो, मला सोबत ने. साहजिक आहे, ज्या गावानं बांधलं तिथं कोण परत जाईल? येशू म्हणतो, नाही, घरी जा, तुझ्या माणसांकडे. माझ्या धंद्यात याला पुनर्वसन म्हणतात आणि तेच सगळ्यात अवघड असतं. औषधानं आवाज थांबवता येतात. गावानं जेवायच्या पंक्तीत पाट मांडावा, हे चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

लोकांनी शांतपणे ऐकलं. चहाच्या वेळी कुणी त्याबद्दल बोललं नाही, संत्र्याचा बहार कसा आहे यावर बोलले.

आमच्याकडे उपासनेआधी प्रार्थनेच्या विनंत्या गोळा करतात. सेक्रेटरी काका एका निळ्या वहीत लिहितात: अमक्याचा मोतीबिंदू, तमकीची बीपी, कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन. वर्षानुवर्षांच्या वह्या आहेत. त्यांत मनाचा एकही आजार नाही. मला वाटायचं, तिथं उघड नाव आलं पाहिजे. पण त्यातही मेख आहे. आमच्यात एखाद्याच्या घरातली गोष्ट चारचौघांत काढायची असेल तर "त्यांच्यासाठी प्रार्थना करा हं" म्हणून काढतात. म्हणून माझी अट सरळ आहे: नाव ज्याचं त्यानंच घ्यावं, शेजारणीनं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत 'विश्राम' नावाचा एक कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी डिप्रेशनबद्दल उघड बोलणं सुरू केलं. आधी डिप्रेशन असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घ्यायचे, पुढे ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. मोठ्या दवाखान्याशिवाय हे झालं.

नाताळच्या आधीच्या एका रविवारी मागच्या बाकावरून एक बाई उभी राहिली. माझी रुग्ण, पण मी मान खाली घातली; ओळख दाखवायची की नाही हे ती ठरवणार. ती म्हणाली, "मले डिप्रेशन आहे. सहा महिन्यांपासून गोळी चालू आहे. नाताळात माहेरचे सगळे येऊन राहिले, मले ते झेपलं पाहिजे, म्हणून प्रार्थना करा." पेटीवरचा नवऱ्याचा हात थांबला. काकांनी वहीत लिहिलं आणि विनंत्या वाचून दाखवताना म्हणाले, "भगिनींच्या अशक्तपणासाठी."

उपासना संपल्यावर मी काकांकडे गेले. "काका, ती अशक्तपणा म्हणाली नव्हती."

"हो ना बाई. पण असं वहीत लिहावं का? उद्या कोणी वाचलं तर?"

"तिनंच शंभर लोकांसमोर सांगितलं. तिनं लपवलं नाही, तुम्ही कशाला लपवता? बीपीला तुम्ही अशक्तपणा लिहिता का?"

काकांनी चष्मा पुसला. मग पेन काढून अशक्तपणा खोडलं, वर लिहायला लागले आणि थांबले. "डिप्रेशनमध्ये रफार कुठं येते, बाई?"

"रफार नाही काका. पला र जोडायचा, प्रार्थनेतल्यासारखा."

त्यांनी सावकाश लिहिलं, पण वही मिटली नाही. "ही गोळी शुगरसारखी रोजची असते का?"

"काही महिने तरी रोज. मग पाहून कमी करायची."

"अन् ती घेतली की पहाटेची झोप येते का? तीन वाजता जाग येते मले. मग नाहीच लागत. काकू गेल्यापासून."

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मी विचारलं, जेवण कसं आहे? "दोन घास." भजनाला का येत नाही? "मन नाही लागत, बाई."

"सोमवारी या काका, सकाळी, गर्दीच्या आधी. आणि घरात ज्या गोळ्या चालू आहेत त्यांची सगळी पिशवी घेऊन या, बीपीच्यासुद्धा."

"वहीत नको लिहू हं," ते म्हणाले.

"वही तुमच्याजवळ आहे काका," मी म्हटलं, "मी कशी लिहीन?"